जुन्या घंटीची जुळणी

सुरतेच्या बाहेरच्या कोटाला कतारगाम दरवाजा होता. त्या दरवाजापलीकडे तापीच्या अंगाला शेतांचं गाव, तेच कतारगाम. उंधियूच्या दिवसांत सुरतकर आजही पापडी मागताना कतारगामचं नाव घेतात, पण पापडीची शेतं केव्हाच घरांखाली आणि कारखान्यांखाली गेली. आता इथल्या गल्ल्यांतून, वेड रोडपर्यंत, दोन-तीन मजली इमारतींमध्ये हिऱ्यांना पैलू पाडायचं काम चालतं. भावनगर, अमरेलीकडून आलेल्या पटेल कुटुंबांनी हा धंदा वाढवला. आपल्या खानदेशातून भुसावळ–सुरत मार्गाने शहरात आलेली माणसं बहुतेक कापडाकडे वळली. तापी मात्र खानदेशाचीही आणि सुरतेचीही.

इथे कारखान्याचा आकार चौरस फुटांत कुणी सांगत नाही. किती घंट्या आहेत, हे सांगतात. घंटी म्हणजे हिरा घासायचं मेज. मधोमध आडवी फिरणारी लोखंडी तबकडी, तिचं नाव सरण. भोवती चार कारागीर. एक घंटी म्हणजे चार जणांची रोजी, असा सरळ हिशोब.

मंदी आली की घंट्या बाजारात येतात. २००८ च्या अखेरीस आल्या. २०२३ मध्ये निर्यातदारांच्या कौन्सिलने १५ ऑक्टोबरपासून १५ डिसेंबरपर्यंत कच्चा हिरा आयात न करण्याचं आवाहन केलं, तेव्हाही धंद्याचे हाल सगळ्यांना दिसत होते. २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेने भारतीय मालावरची जकात ५० टक्क्यांवर नेली आणि लहान कारखान्यांवरचा ताण आणखी वाढला. अशा वेळी एखादा मालक दहा घंट्या मोडीत काढतो, आणि त्याच्याकडे वीस वर्षं काम केलेला रत्नकलाकार त्यांतल्या दोन विकत घेऊन जॉबवर्क सुरू करायचं ठरवतो. हिरा घासण्यात त्याचा हात तयार असतो. यंत्र जुळवायचं काम मात्र आजवर दुसऱ्याने केलेलं असतं. हे प्रकरण त्या माणसाला समोर ठेवून लिहिलं आहे. आणि जुनं यंत्र घेणाऱ्या कुणालाही त्यातला विचार उपयोगी पडावा.

तो विचार आधीच सांगतो. जुन्या यंत्रात चूक असणारच. प्रश्न एवढाच की ती कायम तेवढीच राहते, की दर वेळी बदलते. कायम तेवढीच राहणारी चूक मोजता येते, आणि मोजली की दुसरीकडे तेवढीच दुरुस्ती करून संपवता येते. बदलत्या चुकीला मात्र उतारा नाही. ती जिथे जन्मते तिथेच गाठावी लागते. नव्याने घंटी घेणारे लोक बऱ्याचदा उलट करतात: कोन अर्ध्या अंशाने चुकतो म्हणून घाबरतात आणि सरण किंचित थरथरतं त्याकडे कानाडोळा करतात.

घंटीची रचना समजली की हे पटेल. हिरा डोपमध्ये पकडलेला असतो आणि डोप टांगेला जोडलेला. टांग तीन पायांवर उभी राहते. मागचे दोन पाय मेजावर, तिसरा पाय म्हणजे खुद्द हिरा, फिरत्या सरणावर टेकलेला. मागचे पाय वरखाली केले की हिरा सरणाला कोणत्या कोनात टेकतो ते बदलतं. मार्सेल टोल्कोव्स्कीने १९१९ मध्ये गोल ब्रिलियंटसाठी हिशोब मांडला, त्यात खालच्या बाजूचा, म्हणजे सुरती भाषेत पेलचा कोन ४०.७५ अंश आणि वरच्या मथाळ्याचा ३४.५ अंश येतो. आजचे कारखाने त्याच्या आसपासच काम करतात. पेल फार उथळ झालं तर हिऱ्यात कडेचं वर्तुळ माशाच्या डोळ्यासारखं दिसतं, फार खोल झालं तर मध्य काळा पडतो. दोन्हींमधली जागा दोन-तीन अंशांची आहे.

आता मेज आणि कोन यांचा संबंध पाहा. टांगेच्या मागच्या पायांपासून हिऱ्यापर्यंत २० सेंटीमीटर अंतर धरू. मेज सरणाच्या पातळीपेक्षा १ मिलिमीटर खाली असेल तर कोन ०.२९ अंशाने बदलतो. हे सगळीकडे सारखंच असेल तर टांगेचा स्क्रू थोडा फिरवला की काम झालं, ही कायमची चूक. पण मेज एका बाजूला कललेलं असेल, तर चार कारागिरांच्या चार जागांवर चार वेगळे कोन मिळतील, आणि एकाच कारागिराने टांग हातभर सरकवली तरी कोन बदलेल. सकाळी घासलेला पैलू आणि दुपारी घासलेला पैलू जुळणार नाहीत. स्क्रू कितीही फिरवला तरी हे सुटत नाही. मेजाखाली पत्री घालून ते सरणाला समांतर करणं, एवढाच इलाज.

इथे बरेच जण स्पिरिट लेव्हल घेऊन मेज जमिनीला समांतर करतात आणि समाधान मानतात. जमिनीशी हिऱ्याला काही देणंघेणं नाही. मेज सरणाला समांतर हवं, आणि सरण स्वतःच्या स्पिंडलला काटकोनात हवं. म्हणून मोजणी स्पिंडलपासून सुरू होते आणि बाहेर सरकते: स्पिंडल, मग सरण, मग मेज, मग टांग, शेवटी डोप. हा क्रम मोडला तर डोपात दोष शोधण्यात आठवडा जातो आणि दोष बेअरिंगमध्ये निघतो.

खरेदी करायला गेल्यावर घंटीचा रंग, मेजाचा सनमायका, नव्या वायरी यांकडे बघू नये. पैसे द्यायचे ते स्पिंडलचे आणि टांगेचे. बाकीचं सगळं कतारगामात बदलून मिळतं. विकणाऱ्याने सरण उतरवून दाखवायला नकार दिला तर ती घंटी सोडून द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. सरण उतरवल्यावर ते मधल्या भोकातून दोरीला टांगून लाकडी दांड्याने हलकं ठोकायचं. अखंड बिडाचा आवाज स्वच्छ आणि लांबणारा येतो. बोदा, लगेच विरणारा आवाज आला तर तडा असू शकतो, डोळ्याला दिसो न दिसो. अशा सरणाला हातही लावू नये. बीड ठिसूळ असतं. ३० सेंटीमीटर व्यासाचं, दीड सेंटीमीटर जाडीचं सरण धरलं तर वजन साडेसात किलोच्या आसपास भरतं. मिनिटाला २,८०० फेऱ्यांवर त्याच्या कडेचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे जातो, आणि त्यात साठलेली ऊर्जा एवढी असते की तेवढंच वजन सुमारे ५० मीटर उंचीवरून खाली यावं. त्याच्याभोवती चार माणसं छातीशी मेज घेऊन बसलेली असतात.

२००६ च्या ऑगस्टात उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा मोठा भाग बुडाला होता. तळमजल्यावरची यंत्रं पाण्याखाली गेली. इतक्या वर्षांनी त्यांतली किती उरली असतील तो भाग वेगळा, पण तापीकाठच्या शहरात जुनं यंत्र घेताना पाण्याची खूण शोधायची सवय चांगली. वरून रंग मारलेला असतो. मेजाच्या पायांची आतली बाजू, बेअरिंगच्या घराखालची जागा, बोल्टांच्या आट्या इथे गंज लपत नाही. बेअरिंग एकदा पाण्यात जाऊन आलं की गोळ्यांच्या वाटेवर बारीक खड्डे पडतात. ते ग्रीसने भरत नाहीत, बेअरिंगच बदलावं लागतं.

वीजजोडणीत एक सापळा आहे. थ्री-फेज मोटरच्या तीन तारांपैकी दोन उलटसुलट झाल्या तर मोटर उलटी फिरते. सरण उलट्या दिशेने फिरलं तर टांगेला मिळणारा ओढा उलटा होतो, आणि काही घंट्यांवर सरण धरणारा नट सैल पडत जातो. म्हणून पहिल्यांदा वीज द्यायची ती सरण चढवण्याआधी, आणि स्पिंडलची दिशा बघून मगच पुढे जायचं. मोटरवरची पट्टीही वाचावी. ५० हर्ट्झवर दोन पोलची मोटर तीन हजारांच्या थोडी खाली फिरते, चार पोलची १,४४० च्या आसपास. विकणाऱ्याने मूळ मोटर काढून घेऊन दुसरी दिलेली असेल आणि पुली तीच राहिली असेल, तर सरणाचा वेग निम्मा होऊन बसतो. मग कारागीर म्हणतो, घासायची हिऱ्याची पावडर खोटी आहे.

आता सरण चढवून मोजणीचा डायल लावायचा. डायलची सुई सरणाच्या तोंडावर टेकवून हाताने सावकाश एक फेरी द्यायची. एका फेरीत सुई किती हलली, तेवढं सरण आउट फिरतंय. आउट दिसलं की सरण सैल करून स्पिंडलवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवायचं. उंच जागा सरणाबरोबर सरकली तर दोष सरणात, ते घासणाऱ्याकडे पाठवायचं. उंच जागा स्पिंडलच्या त्याच बाजूला राहिली तर दोष स्पिंडलच्या बैठकीत. एवढ्या साध्या युक्तीने सरण घासण्याचा खर्च वाचतो, आणि घासूनही तेच का होतंय हे कोडं पडत नाही.

तोल हा त्याच्या पुढचा विषय. १४ सेंटीमीटर त्रिज्येवर एक ग्रॅम वजन जास्त असेल, एकच ग्रॅम, तर २,८०० फेऱ्यांवर ते सरणाला सव्वा किलोच्या जोराने बाहेर ओढतं, आणि ही ओढ सेकंदाला सेहेचाळीस-सत्तेचाळीस वेळा दिशा बदलते. हिरा या हादऱ्यांवर उड्या मारतो. दिसत काहीच नाही, पण पैलूच्या कडा झडतात.

थरथर कुठून येते हे ओळखायची एक चाचणी मला फार आवडते, कारण तिला उपकरण लागत नाही. घंटी पूर्ण वेगात असताना मेजावर तळहात ठेवायचा आणि दुसऱ्याला वीज बंद करायला सांगायचं. सरण लगेच थांबत नाही, घरंगळत राहतं. वीज गेल्या क्षणी थरथर गेली, तर दोष मोटरच्या विजेच्या भागात आहे. वेग उतरेल तशी थरथर हळूहळू विरली, तर तोल किंवा बेअरिंग. आणि वेग उतरताना मध्येच एका टप्प्यावर थरथर उसळून पुन्हा शांत झाली, तर मेजाची किंवा खालच्या स्लॅबची स्वतःची लय त्या वेगाशी जुळते आहे. तिसऱ्या प्रकारात सरण बदलून काही होत नाही. घंटी खोलीच्या मधून भिंतीजवळ, तुळईवर सरकवली तर फरक पडतो. वरच्या मजल्यावर भाड्याने खोली घेणाऱ्यांनी हे जरूर करून बघावं. शेजारच्या खोलीत यंत्रमाग असतील तर त्यांचे ठोकेही स्लॅबमधून येतात. ते आपली घंटी बंद ठेवून, मेजावर पाण्याची वाटी ठेवून आधीच बघून घ्यावेत.

यंत्र सरळ झालं की सरणाला पावडर पाजायची. इथे थोडं थांबायला हवं, कारण हिरा हिऱ्याने घासला जातो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण कसा, ते फारसं कुणी सांगत नाही. बिडाच्या बारीक छिद्रांत तेलाबरोबर हिऱ्याची पूड मुरते आणि तिथे घट्ट बसते. दोन्हीकडे हिराच असेल तर कोण कुणाला कापणार? उत्तर दिशेत आहे. हिऱ्याचा कडकपणा सगळ्या दिशांना सारखा नसतो. एका दिशेने सहज घासला जाणारा हिरा दुसऱ्या दिशेने घासायला शंभरपट जड जातो. पुडीतले कण वाटेल तसे पसरलेले असल्याने त्यांतल्या काहींची कडक बाजू कायम वर असते, आणि कारागीर हिऱ्याची मऊ दिशा शोधून तीच सरणावर धरतो. २०११ मध्ये फ्रायबुर्गच्या पास्टेव्का, मोझलर आणि सहकाऱ्यांनी अणूंच्या पातळीवर हे कसं घडतं ते दाखवलं: घर्षणात हिऱ्याच्या पृष्ठावरचे अणू स्फटिकाची शिस्त सोडून विस्कळीत कार्बनचा पातळ थर बनतात, आणि तो थर निघून जातो. मऊ दिशेत ही मोडतोड लवकर होते. चांगल्या कारागिराला ती दिशा आवाजावरून कळते. गाठ आली की सूर बदलतो, आणि तो डोप किंचित फिरवतो.

म्हणून जुन्या सरणात काय मुरलेलं आहे, ही मोठी शंका. आधीच्या मालकाने त्यावर जाड पूड वापरली असेल, आणि आपण वरून बारीक पाजली, तर जाड कण खालून डोकं काढत राहतात. पैलू आयग्लासखाली धरला, १० पट मोठा करून, की समांतर रेघा दिसतात. बारीक पूड कितीही वाढवली तरी रेघा जात नाहीत. अशा सरणाचं तोंड पुन्हा घासून घेणं आणि कोऱ्या बिडापासून सुरुवात करणं, हेच स्वस्त पडतं. पुड्यांच्या बाटल्या, ब्रश, पुसायचे कपडे प्रत्येक जाडीला वेगळे ठेवायचे.

रेघा दिसल्या की दोष पुडीचाच असं मात्र नाही. रेघा सगळ्या हिऱ्यांवर, सगळ्या पैलूंवर सारख्या असतील तर सरण किंवा पूड. एकाच हिऱ्याच्या एखाद-दुसऱ्या पैलूवर असतील तर दिशा चुकली. कधी येतात कधी नाही, असं असेल तर हादरा. पैलूवर दुधाळ, जळकट डाग आला तर हिरा फार तापला: दाब जास्त पडला, किंवा तेल-पूड संपून सरण कोरडं झालं, किंवा डोपाची पकड उष्णता वाहून नेत नाही. डाग वरवरचा असतो, हलक्या हाताने पुन्हा घासला की जातो. पण वजनही जातं, आणि इथे वजन सेंटमध्ये मोजतात. एक सेंट म्हणजे कॅरटचा शंभरावा भाग, २ मिलिग्रॅम.

टांगेची परीक्षा शेवटी आणि सर्वांत सावकाश करायची. स्वस्तातला, मोडका, पण सेंटमध्ये जरा मोठा हिरा घ्यावा आणि पेलचे आठ मुख्य पैलू पाडावेत. आठवा झाल्यावर पहिल्या पैलूवर परत यायचं. त्यावर मार्करची काळी शाई लावायची, सुकू द्यायची, आणि टांग पहिल्या खाचेवर आणून हिरा सरणाला नुसता क्षणभर टेकवायचा. आयग्लासने बघितलं की सगळं कळतं. पैलूवरची शाई सगळीकडून सारखी निघाली, तर टांग जिथून निघाली तिथेच परत आली. शाई एकाच कडेची निघाली आणि बाकीचा पैलू काळाच राहिला, तर टांग परत येताना चुकली. हेच दहा-बारा वेळा करायचं. दर वेळी तीच कड उजळली तर काळजी नाही, ती कायमची चूक आहे, स्क्रूने जाईल. एकदा ही कड, एकदा ती कड, असं झालं तर खाचांत किंवा सांध्यात प्ले, म्हणजे ढिलेपणा आहे. अशी टांग कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

आठही पैलू खाली टोकावर एकत्र येतात का, यावरूनही बरंच वाचता येतं. पहिला खोल, पाचवा उथळ, मधले क्रमाने बदलत गेलेले, असा नमुना दिसला तर हिऱ्याचा मध्य आणि डोपाचा मध्य जुळलेला नाही. हिरा डोपात अर्धा फेरा फिरवून पुन्हा बघायचं. खोल बाजू हिऱ्याबरोबर गेली तर बसवणं चुकलं, डोपाबरोबर राहिली तर डोप वाकडा. आठांमध्ये कसलाच क्रम नसेल तर पुन्हा टांगेच्या प्लेकडे. आठही सारखेच खोल असतील तर आनंद मानावा, फक्त कोन बदलायचा आहे.

दोन गोष्टी मोजमापाच्या पलीकडच्या आहेत आणि त्या मी पैशांच्याही आधी ठेवीन. जुन्या सामानात कधी कधी शिशाच्या मिश्रणाचे डोप येतात, ते मिश्रण वितळवून त्यात हिरा बसवायचा. बंद खोलीत शिसं तापवणं कुणीही करू नये. पंजाचे यांत्रिक डोप मिळतात, तेच घ्यावेत. दुसरी गोष्ट सरणाची. साधं सरण बिडाचं असतं, पण हिऱ्याचे कण कोबाल्टमध्ये जमवून केलेल्या तबकड्याही असतात. त्या वेगाने कापतात म्हणून विकणारा त्यांचं कौतुक करतो. बेल्जियममध्ये अशा तबकड्यांवर काम करणाऱ्या हिरा कारागिरांची फुप्फुसं कोबाल्टच्या धुळीने निकामी होत असल्याचं डॉक्टरांनी १९८४ मध्ये नोंदवलं. बिडाच्या सरणाला हा धोका नाही. जुन्या ढिगातून तबकडी उचलताना ती कशाची आहे हे विचारावं, आणि खात्रीचं उत्तर मिळालं नाही तर उचलू नये. चार माणसं दिवसाचे दहा तास त्या सरणावर वाकून श्वास घेणार असतात, आणि त्यांतला एक बहुधा आपलाच भाऊ किंवा भाचा असतो.

जुळणीसाठी दिवाळीची सुट्टी सर्वांत सोयीची. कारखाने तीन-तीन आठवडे बंद असतात, कारागीर सौराष्ट्रात गावी गेलेले असतात, सरण घासणाऱ्याकडे आणि बेअरिंगवाल्याकडे गर्दी नसते, आणि शेजारच्या घंट्या थांबलेल्या असल्याने आपल्या घंटीचा आवाज नीट ऐकू येतो. पाऊस संपून हवा कोरडी झालेली असते, म्हणजे घासून आलेल्या कोऱ्या बिडावर रात्रीत गंज चढत नाही. तरी तेलाचा हात फिरवूनच झोपावं. जुळणी पूर्ण झाली की प्रत्येक बोल्टवर आणि त्याच्या शेजारच्या पत्र्यावर मिळून रंगाची एक आडवी रेघ ओढून ठेवायची. पंधरा दिवसांनी रेघ तुटलेली दिसली तर तो बोल्ट फिरला आहे, आणि शोध तिथूनच सुरू करायचा.